रेघ उतरली

दिनकररावांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, भिंतीवरच्या कागदावर सोमवारचा ठिपका दिला आणि तो शनिवारच्या ठिपक्याला जोडला. रेघ तांबड्या मर्यादेखाली आली.

"बघा!" कापसाच्या जिनाचे मालक व्यंकटराव गादीवरून म्हणाले. "भुजंगला काढलं आन् रेघ उतरली. तुमचा कागद मानूस वळखतोय, दिनकरराव."

"हो," दिनकरराव म्हणाले आणि पेन्सिलीला उगाच टोक करू लागले.

रुईत किती सरकी येते ते रोज तपासून त्याची रेघ काढायची, ही विद्या ते मुंबईहून पंधरवड्यात शिकून आले होते. ठिपका एका दिवसाचा नसे. मागच्या पाच दिवसांची सरासरी असे. एखाद्या दिवसाच्या लहरीनं मालकांनी घाबरू नये, एवढाच हेतू. पण कागद टांगतानाच ते बोलून बसले होते, "माणसं थापा मारतात, रेघ मारत नाही." मालकांना ते फार आवडलं. त्यानंतर रेघेच्या खोडी कोणत्या तोंडानं सांगणार?

गेल्या आठवड्यात मशीनवरच्या नेहमीच्या शिवाप्पानं पातं सैल ठेवलं. चार दिवस रुईत सरकी येत राहिली. मग तो मेव्हणीच्या लग्नाला गेला. शुक्रवारी त्याच्या जागी भुजंग आला. त्यानं पातं आवळलं, रुई स्वच्छ पडू लागली. रेघ मात्र शिवाप्पाचे दिवस पोटात घेऊन तांबड्याच्या वरच राहिली.

शनिवारी व्यंकटरावांनी विचारलं होतं, "मशीनवर कोन हाय?"

"भुजंग."

उत्तर खरं होतं. पुढचं कुणी विचारलं नाही. आज शिवाप्पा परतला होता आणि भुजंगनं आवळलेल्या पात्यावर निवांत काम करत होता.

दुपारी भुजंग आला. पायताण बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"सायेब, गंगाखेडच्या जिनात काम लागलंय. आजच्या गाडीनं जायलोय."

"वा, छान झालं!" दिनकररावांनी स्वतः उठून त्याला तांब्याभर पाणी दिलं. इतकं मोकळं त्यांना दोन दिवसांत वाटलं नव्हतं.

भुजंग पाणी प्यायला, पण हलला नाही.

"आमची कारभारीन चतुराबाई म्हन्ली, सायबाला इचारून या. माज्या हातात खोट काय हाय? हितं झालं ते झालं. तितं नगं व्हायला."

"सांगा की," गादीवरून व्यंकटराव म्हणाले. "गरिबाचं भलं व्हईल."

दिनकररावांनी कागदाकडं पाहिलं, मग मालकांकडं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"पातं," ते म्हणाले. "तू जरा जास्तच आवळतोस."

भुजंगचा चेहरा उजळला. खोट सापडली होती. त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून मधे फट धरली.

"एवडं सैल ठिवू?"

दिनकररावांनी मान डोलावली.

"लय उपकार झाले, सायेब."

भुजंगनं डाव्या हातानं पायताण चढवलं. उजव्या हाताची बोटं तशीच धरून, फट जरासुद्धा हलू न देता तो स्टेशनच्या वाटेला लागला.