लॉबीत उभी राहिलेली ट्रॉली

मी हॉटेलातली एक जुनी ट्रॉली आहे. तिसऱ्या मजल्यावर धुतलेल्या चादरी, टॉवेल आणि साबण वाहून माझी चाकं झिजली. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, मला राग आला आहे, आणि तो का ते ऐका.

मला दोघी जावा ढकलायच्या, थोरली आणि धाकटी. पलंगाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. चादर ताणता ताणता दोघी सासूची नक्कल करून पोट धरून हसायच्या. पाहुण्यांनी खोलीचं कौतुक केलं की मीही फुशारून जायचे.

मग महामारी आली. हॉटेलला कुलूप लागलं आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. दार उघडलं तेव्हा थोरली एकटीच आली. "बोलावू तेव्हा या," असं सांगून मॅनेजरने धाकटीला बिनपगारी घरी बसवलं होतं. थोरलीला अर्धा पगार आणि अख्खा मजला. चादरीचा एक कोपरा खोचून पलीकडे धावावं, तर अलीकडचा सुटलेला. कंबर धरून ती माझ्यावर रेलायची. मला फार वाईट वाटायचं.

हळूहळू पाहुणे परतले. एकही खोली रिकामी राहीना. लॉबीत नवे सोफे आले. पगार मात्र अर्धाच. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, "झळ सगळ्यांनाच बसली ना, ताई."

आम्हा ट्रॉल्यांना लॉबीत मज्जाव असतो. मळकं कापड पाहुण्यांना दिसू नये म्हणून आमची ये-जा मागच्या लिफ्टने. एका सकाळी थोरलीने मला मळक्या चादरींनी शिगोशीग भरलं, पुढच्या लिफ्टने खाली आणलं आणि लॉबीच्या मधोमध उभं केलं. मॅनेजर धावत आला.

"ताई, आधी ही मागे न्या."

"नेते की. आमच्या पगाराचं काय ते सांगा."

पाहुणे बघत होते. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा या महिन्यापासून पूर्ण करतो. झालं?"

आता ही मान डोलावणार, असं मला वाटलं.

"आणि माझ्या जावेचं?"

"ते नंतर बघू."

"मग हीसुद्धा नंतरच हलेल." तिने पायाने माझा ब्रेक दाबला.

मॅनेजरने मला ढकलून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. शेवटी त्याने तिथेच उभं राहून धाकटीला फोन लावून कामावर बोलावलं. दोघींना पूर्ण पगार कबूल केला, तेव्हा कुठे थोरलीने ब्रेक सोडला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्या चाकांना तेल नसलं तरी चालेल. पण हॉटेलात उतरलात आणि चादरीवर एकही सुरकुती दिसली नाही, तर ती ताणणाऱ्या हातांना पूर्ण पगार मिळतो का, एवढं विचारा. कुजबुजू नका. लॉबीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा.