अर्धी दाढी

"हनुवटी वर कर, उस्ताद. हां, अशी. शहाणा माझा तो."

भागीदाराने साबणाचा ब्रश उस्तादांच्या गळ्यावरून फिरवला आणि दाराकडे पाहत आवाज चढवला, म्हणजे गल्लीतल्यांनाही ऐकू जावं. "दर रविवारी दुकान टाकून येतो मी. एवढ्या वर्षांची दोस्ती. आपण नाही करायचं तर कुणी करायचं?"

ब्रश ठेवून त्याने वस्तारा उघडला, तसे उस्तादांनी ओठ मिटले. गळ्याशी वस्तारा असताना बोलायचं नसतं, हे या भागीदाराला त्यांनीच शिकवलं होतं.

दोघांचं एकच सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. अर्धांगाच्या झटक्याने उस्तादांची उजवी बाजू गेली, डाव्या हातातही जोर उरला नाही, तेव्हा भागीदार दवाखान्यात आला, पायाशी बसून रडला, आणि उस्ताद घरी परतायच्या आत त्याने शटरचं कुलूप बदललं. त्यांची खुर्ची भंगारात गेली. पाटीवरचं त्यांचं नाव नव्या रंगाखाली गेलं. भांडायला जाणार कोण? उस्तादांना कुशीवर वळायलासुद्धा बायको लागत होती. मग काही महिन्यांनी हाच माणूस पेटी घेऊन दारात उभा राहिला, दाढी करून द्यायला.

"झालं गेलं सोडून द्या," बायको म्हणाली. "तुमच्या गळ्याला पातं लावायला माझा हात धजत नाही. आणि तो असतो तोवर मला जरा बाहेर पडता येतं."

उस्तादांनी सोडून दिलं नाही. बायको अंग पुसत असताना, घास भरवत असताना ते मनात एकच घोळवत: याला गाठायचं कसं? ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, त्याने कुणाचं काय वाकडं करायचं?

वाट भागीदारानेच दाखवली. एका रविवारी पातं जबड्यापाशी आलं आणि थरथरलं. भागीदाराने पटकन करंगळी त्यांच्या गालावर टेकवून हात सावरला. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. गिऱ्हाइकाला ते उमगलं नसतं. उस्तादांना उमगलं, आणि त्या दुपारी त्यांना जेवण गोड लागलं.

त्यांनी घाई केली नाही. शेवटी भागीदारच म्हणाला, "उस्ताद, पुढच्या रविवारी दुकानातच ये की. जुनी गिऱ्हाइकं विचारतात. सगळ्यांसमोर करतो तुझी दाढी."

"येतो," उस्ताद म्हणाले. तेवढ्यात परतलेल्या बायकोचे डोळे भरून आले.

रविवारी तिने चाकांची खुर्ची ढकलत त्यांना नेलं. सलून भरलेलं होतं, बाकावर जागा नव्हती. भागीदाराने पांढरं फडकं झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं, दोस्तीचं जुनंच पुराण लावलं आणि बोलता बोलता उजवा गाल उरकला. मग वस्तारा गळ्याकडे वळला.

"थांब," उस्ताद म्हणाले. त्यांचा शब्द जड निघायचा, पण स्पष्ट निघायचा. "करंगळी उचल."

"काय?"

"गालाला टेकवलेली करंगळी उचल. मग लाव पातं."

भागीदार हसला. "आजारपणात माणूस असं काहीतरी बोलतो..."

"हात थरथरतो तुझा. बघू दे यांनाही."

आरशात सगळे बघत होते. भागीदाराने करंगळी उचलली. पातं हवेतच थरथरू लागलं. दुसऱ्या हाताने त्याने मनगट धरलं, तरी थांबेना. बाकावरच्या एकाला एकदम काम आठवलं. दुसरा त्याच्या मागोमाग निघाला. शेजारच्या खुर्चीत साबण लावून बसलेल्या म्हाताऱ्याने आपलं आपणच तोंड पुसलं आणि तो उठला.

"उस्ताद," भागीदार हलक्या आवाजात म्हणाला, "माझं पोट आहे रे यावर."

"माझंही होतं."

अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच घेऊन उस्ताद घरी निघाले. साबण वाळून कातडी ओढली जात होती. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. बघेनात का. कित्येक महिन्यांनी त्यांची छाती हलकी झाली होती. बायको मागून खुर्ची ढकलत होती.

घरी आल्यावर तिने कपाटातून त्यांचाच जुना वस्तारा काढला.

"कातडी ताणून धर," उस्ताद म्हणाले. "वरून खाली..."

"गप्प बसा."

तिचा हात अवघडलेला होता. जबड्यापाशी पातं लागलं, रक्त आलं. तिने कापूस दाबून धरला.

"अद्दल घडवलीत त्याला. झालं मनासारखं?"

"झालं."

"आठवड्यात तेवढा एक तास मला मिळायचा. कुणाला उचलायचं नाही, पुसायचं नाही, भरवायचं नाही. नुसती चालायचे मी. कुठे जायचं म्हणूनही नाही. तो तास माझा होता, हे आलं का तुमच्या मनात?"

आलं नव्हतं. भागीदाराची कीव त्यांना तेव्हाही आली नाही, पण तिच्याकडे बघवेना.

तिने उरलेली दाढी पुरी केली, तोंड ओल्या फडक्याने पुसलं, वस्तारा धुऊन ठेवला. मग चपला घातल्या.

"जाऊन येते."

"मला काही लागलं तर?"

"थांबायचं."

दाराला बाहेरून कडी लागली. तिची पावलं गल्लीत उतरली. पाण्याचा पेला खिडकीपाशी राहिला होता, हाताच्या टप्प्याबाहेर. उस्तादांना तहान लागली होती. हाक मारली असती तर तिला अजून ऐकू गेली असती. त्यांनी हाक मारली नाही.