लालमहंमदचाचांचा गोल

लातूरच्या आमच्या फुटबॉल क्लबची रीत हाय. खेळाडू वारला की त्याच्या नावानं रिकाम्या गोलात चेंडू मारायचा, अन् सगळ्यांनी 'गोल!' म्हणून ओरडायचं.

लालमहंमदचाचा आमचे सगळ्यात मोठे खेळाडू, पुढं क्लबचे अध्यक्ष. भूकंपात त्यांनी मैदान बेघरांच्या तंबूंना दिलं, तवा आम्ही त्यांना डोक्यावर घेतलं. नंतर अर्धं मैदान कोचिंग क्लासला दिलं, तवा शिव्या दिल्या.

आज त्यांच्या नावाचा चेंडू ठेवला, तर कोचिंगचा वॉचमन धावत आला. "पेपर चालू हाय. आवाज नको."

"तू कोण रे सांगणारा?" मी भडकलो.

त्यानं पाटी दाखवली. 'शांतता पाळा. लालमहंमद, अध्यक्ष.'

चाचांच्या पोरानं, वकारनं चेंडू मारला. जाळ्यात गेला. कुणीच ओरडलं न्हाई. आत आमचीच पोरं पेपर लिहीत होती.