जीप डावीकडंच का वळली

"रडते! ऐका, रडते!"

वाहननाथ महाराजांनी हात वर केला आणि बोरगावच्या शिवारातल्या त्या संत्र्याच्या बगीच्यात जमलेली शेदोनशे माणसं चिडीचूप झाली. गुणवंता कळंबेनं जीप हातभर पुढं घेतली. समोरच्या डाव्या चाकाच्या वरून एक बारीक, लांबट, घशात अडकल्यासारखा हुंदका निघाला. बायांनी पदर तोंडावर घेतले. जामसांवलीहून हनुमंताचं दर्शन करून परतणाऱ्या दोन गाड्या रस्त्यावर थांबल्या आणि त्यातली माणसंही कुंपण ओलांडून आत आली. फुकटचा चमत्कार कोण सोडतो?

"हा मंगेशचा आत्मा आहे," महाराज म्हणाले. "बिचारा तहानलेला आहे. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये अडकून पडला आहे. गाडीला चार चाकं, माणसाला चार पुरुषार्थ. एक चाक फिरलं की जन्म फिरतो!"

याचा अर्थ कोणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

महाराजांनी कमंडलूतलं तीर्थ चाकाच्या वर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या कमानीच्या टोकाशी ओतलं. "आता चालव."

गुणवंतानं जीप पुन्हा पुढं घेतली. हुंदका बंद! गर्दीतून जयजयकार उठला.

आता हा मंगेश कोण, ते सांगतो. गुणवंता आणि मंगेश हे यशवंतराव कळंबे यांचे दोन मुलगे. घरचा बगीचा मोठा, एकत्र कुटुंब. गुणवंताला मिरवायची भारी हौस. त्यानं जुनी जीप घेतली आणि नागपूरकडच्या एका गॅरेजातून उंच करून आणली. लिफ्ट किट म्हणतात त्याला. कमानीत जादा पाटे घालतात, मोठे टायर बसवतात, आणि गाडी उंटासारखी दिसू लागते. गुणवंता तिच्यातून सौंसरच्या बाजारात जाई तेव्हा लोक मान वर करून बघत. तेवढ्यासाठीच तर खटाटोप होता.

पण आल्या दिवसापासून जीप वळताना कण्हायची, आणि थोड्याच दिवसांत गतिरोधकावर धाडकन आदळू लागली, सरळ रस्त्यावर डावीकडं ओढू लागली. उन्हाळ्यात एका संध्याकाळी मंगेश तिच्यातून संत्र्याचे कॅरेट घेऊन निघाला. नाल्याच्या पुलाजवळ जीप डावीकडं उतरली. जीपला फारसं काही झालं नाही. मंगेश बाहेर फेकला गेला आणि दगडावर डोकं आपटून जागीच गेला.

मागं राहिली त्याची बायको अमिता आणि पाच वर्षांची मुलगी. अमिता पांढुर्ण्याची, शिकलेली, बोलायला स्पष्ट. दिवसकार्य झाल्यावर तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, "मामाजी, माह्या पोरीच्या वाट्याचं काय?" बस, तेवढ्यानं ती घरातली वाईट बाई ठरली. पुढच्याच आठवड्यात गुणवंता सौंसरहून वाहननाथ महाराजांना घेऊन आला. त्याच जीपमध्ये, शेजारच्या सीटवर बसवून.

तीर्थाचा चमत्कार झाल्यावर महाराजांनी डोळे मिटले आणि जाहीर केलं, "आत्मा शांत झाला, पण त्याला न्याय पाहिजे. त्याला घरातल्याच कोणीतरी खाल्लं आहे. गाडीच सांगेल कोणी ते."

बगीच्यासमोरची जागा सपाट करून ठेवलेली होती. पंचवीसेक पावलं पुढं महाराजांनी दोघींना उभं केलं. उजवीकडं गुणवंताची बायको, डावीकडं अमिता. गुणवंतानं जीप सरळ लावली, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकली आणि दोन्ही हात जोडून छातीशी धरले. स्टेअरिंगला कोणाचा स्पर्श नाही. डिझेलची जीप आपसूक सरकू लागली.

आधी सरळ. मग किंचित डावीकडं. मग आणखी डावीकडं.

"चालली! चालली तिच्याकडं!"

अमिता मागं सरली तशी गर्दीतल्या दोघीजणींनी तिला दंडाला धरलं. "उभी राह्य! भेतं काहून? पाप नसन तं काही होत नाही!"

"सोडा मले! गाडी अंगावर येऊन राहिली!"

तिचा सासरा खाटेवर बसून होता. तो काही बोलला नाही. गुणवंताचे हात जोडलेलेच होते. मोठा टायर अमिताच्या उजव्या पावलावर चढला आणि हाडं मोडल्याचा आवाज जवळच्यांनी ऐकला. मग कुठं त्यानं ब्रेक दाबला.

अमिता किंचाळली. लोक म्हणाले, कबूल करून राहिली.

महाराजांची आरती व्हायची होती, म्हणून ती संपेपर्यंत तिला दवाखान्यात न्यायला कोणी तयार होईना. एका म्हातारीनं तिच्या पायावर हळद लावली. त्याच पायावर दुसरी एकजण थुंकली.

सौंसरच्या दवाखान्यातून अमितानं तृप्तीला फोन लावला. तृप्ती तिची मामेबहीण, पांढुर्ण्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाला शिकवणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, धीरही दिला नाही. एवढंच विचारलं, "तू डाव्या बाजूले उभी होती का?"

"हो. महाराजानंच उभं केलं."

"बरं. पुढं काय करून राहिले ते?"

"रविवारी निकाल देणार. मले घरातून काढणार आणि पोरगी ठेवून घेणार. कलंकित आईजवळ लेकरू नाही राहू द्यायचं म्हणते तो महाराज."

"मी येतो रविवारी," तृप्ती म्हणाली. आमच्याकडं बायाही असंच बोलतात.

रविवारी गर्दी दुप्पट होती. पाय प्लास्टरमध्ये घातलेल्या अमिताला ऑटोतून आणून तृप्तीनं झाडाखाली खुर्चीवर बसवलं. मुलगी धावत आली तर गुणवंताच्या बायकोनं तिला मागं ओढलं. महाराज गादीवर बसून प्रवचन करत होते.

"बाळांनो, ब्रह्मांडाचं स्टेअरिंग परमेश्वराच्या हाती. आपण फक्त मागच्या सीटवरचे प्रवासी..."

"महाराज," तृप्ती पुढं येऊन म्हणाली, "एक शंका आहे. गाडी पापी माणूस ओळखते ना?"

"अचूक ओळखते."

"मग पुण्यवानाकडं तर जाणार नाही?"

"कधीच नाही, बेटी."

"तं मग तुम्ही उभे राहा ना डावीकडं. साऱ्या गावाले तुमचं पुण्य दिसन."

गर्दीला ही कल्पना फारच आवडली. "हो हो! राहा महाराज उभे! दाखवाच!" भक्तांनीच महाराजांना उचलून अमिताच्या जागी नेऊन ठेवलं. महाराज म्हणाले, आज मुहूर्त नाही. भक्त म्हणाले, तुमच्यासाठी काय मुहूर्त!

गुणवंतानं जीप सरळ लावली आणि हात जोडले. जीप निघाली. आधी सरळ, मग डावीकडं, मग नेमकी महाराजांच्या रोखानं. महाराजांनी काही क्षण डोळे मिटून मंत्र म्हटला. मग डोळे उघडले, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि उडी मारून संत्र्याच्या आळ्यात पडले.

पोरं खदखदून हसली. मोठी माणसं हसली नाहीत. त्यांना काहीतरी टोचू लागलं होतं.

"मायाजाल!" महाराज चिखलातून ओरडले. "या बाईनं गाडीवर करणी केली!"

तृप्तीनं फवारणीच्या पाण्याचा रिकामा ड्रम लोळवत आणला आणि त्याच जागी उभा केला. "भाऊ, पुन्हा."

जीप गेली आणि ड्रमवर धडकली. ड्रम गडगडत गेला.

"या ड्रमानं कोणाले खाल्लं?" तृप्तीनं विचारलं. "याले पण गावाबाहेर काढता का?"

तृप्तीनं सुतळीचा गुंडा काढला. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मधोमध सुतळीचं एक टोक धरायला लावलं, दुसरं मागच्या चाकाच्या मधोमध, आणि तिथं गाठ मारली. तीच सुतळी डाव्या बाजूला लावली. गाठ मागच्या चाकाच्या मध्यापासून दोन बोटं पलीकडं गेली.

"पाहा. डाव्या बाजूचं अंतर कमी आहे. म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल डावीकडून मागं सरकला. चाकं तिरपी झाली. बैलगाडीचा आख एका बाजूनं मागं सरकला तं गाडी कोण्या बाजूले जाईन?"

"त्याच बाजूले," एक शेतकरी पुटपुटला.

"इथं पण तेच. कमान अ‍ॅक्सलवर या इंग्रजी यू सारख्या बोल्टांनी आवळलेली असते. नवे पाटे घातले की ते बसतात, दबतात आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून थोडी गाडी चालली की ते पुन्हा आवळावेच लागतात. इथं कोणी आवळले नाहीत." तिनं पाना लावून बोल्ट फिरवला. तो हातानं फिरावा तसा फिरला. "गतिरोधकावर धाडकन आवाज येते तो याचाच."

"आणि रडणं?" एका बाईनं विचारलं. त्या दिवशी अमिताला दंडाला धरणाऱ्यांपैकी ती एक होती.

"कमानीच्या टोकाला रबराचा बुश असते. गाडी जॅकवर लटकत असतानाच त्याचे बोल्ट आवळले, मग गाडी खाली उतरवली. रबर पिळल्या गेलं. गाडी हालली की ते करकरते. ओलं केलं की गप्प होते, वाळलं की पुन्हा सुरू." तिनं आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी तिथं ओतलं. गुणवंतानं जीप हलवली. आवाज नाही. "आता मी पण महाराज झाली का?"

"पण बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "अ‍ॅक्सल तं अपघातानं सरकला असन!"

"मलेही आधी तसंच वाटलं," तृप्ती म्हणाली आणि पुढच्या टायरजवळ बसली. "हा टायर उंचीसोबतच नवा घातला होता. याची एक कड पाहा, घासून गुळगुळीत झाली. अपघातानंतर ही जीप सौंसरले एक खेप सोडून बगीच्याबाहेर गेलीच नाही. एवढं रबर एका खेपेत झिजत नाही. गाडी मंगेश भाऊ जायच्या आधीपासून तिरपी चालून राहिली होती. त्यानंच तो नाल्यात गेला. कोणाच्या नजरेनं नाही, कोणाच्या पापानं नाही."

मग ती उठली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे कोणाले माहीत होतं?"

झाडाखालून अमिता बोलली. तिचा आवाज चढला नाही.

"माह्या नवऱ्यानं किती खेपा सांगतलं. दादा, गाडी ओढून राहिली, परत नागपूरले नेऊ. तिथल्या फिटरनंही सांगतलं होतं, बोल्ट आवळाले आणा म्हणून. तुम्ही काय म्हटलं भाऊजी? उंच गाडी अशीच चालते, तुले चालवता येत नाही म्हणून रडतं."

गुणवंता जीपच्या सीटवर बसूनच होता. त्याचे हात अजून जोडलेले होते. ते सोडावे हे त्याला सुचलं नसावं. "मले वाटलं..." तो म्हणाला. "हंगाम होता. बाजारात सारे पाहात होते. खोलून ठेवली असती तं..."

यशवंतराव खाटेवरून उठले, जीपजवळ आले आणि मोठ्या मुलासमोर उभे राहिले. "म्हणजे तुले ठाऊक होतं," ते म्हणाले. "ठाऊक होतं, अन् तू सुनेच्या पायावर गाडी घातली."

गर्दीला आता नवा गुन्हेगार हवा होता. तो आळ्यातून सटकायच्या बेतात होता. लोकांनी महाराजांना धरलं, जटा उपटल्या; तो टोपच निघाला. मग लाथा सुरू झाल्या. तृप्ती मध्ये घुसली. "सोडा त्याले! तिचेही हात असेच धरले होते ना तुम्ही?" तोवर महाराजांचे दोन दात पडले होते. पोलीस आले तेव्हा त्यानं नाव मोरेश्वर सांगितलं. बाबा होण्याआधी तो गॅरेजात गाड्या धुवायचा. ओल्या रबराचा आवाज बंद होतो हे तिथंच शिकला होता. आणि सौंसरहून येताना गुणवंता स्टेअरिंग सारखं उजवीकडं दाबून धरतो, हे त्यानं शेजारी बसून पाहिलं होतं. एवढीच त्याची सिद्धी.

अमिताच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मुलीला घेऊन ती पांढुर्ण्याला माहेरी राहते आणि लंगडत चालते. गुणवंतावर खटला चालू आहे. दिवाळीनंतर यशवंतराव तिला न्यायला आले.

"चाल पोरी घरी. झालं ते झालं."

"मामाजी, त्या दिवशी तुम्ही एकदा 'थांबा' म्हटलं असतं तं मी आज धड चालली असती."

म्हातारा चहा न पिताच परत गेला.

बोरगावच्या त्या लोकांना राक्षस समजू नका. बैलाच्या खुरात दगड अडकला तर ते वाकून बघतात, पंप बंद पडला तर उघडून बघतात. फक्त ज्या दिवशी माणूस मेला, त्या दिवशी कोणी वाकलं नाही. खाली वाकून बोल्ट पाहण्यापेक्षा समोर उभ्या असलेल्या बाईकडं बोट दाखवणं सोपं होतं. तेव्हा गाडी कण्हू लागली, घरात आजार आला, विहीर आटली, तर आधी कारण शोधा. ते सापडेपर्यंत कोणाचा दंड धरू नका. आणि दुसऱ्यांनी धरला असेल, तर खाटेवरून उठा.