डावीकडचा अर्धा पडदा

खाणीतल्या दुपारच्या दुसऱ्या पाळीचा आठवडा आला की रीताच्या क्वार्टरमध्ये सकाळपासून युद्ध पेटायचं. एका बाजूला नवरा प्रफुल, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ अमर आणि समोर टीव्ही. चंद्रपूरच्या बाजारातून आणलेला जुना व्हिडिओ गेम, त्यात एकच कॅसेट, आणि त्या कॅसेटमधल्या गाड्यांना सरळ रस्त्यानं जाणं माहीतच नव्हतं. रुग्णवाहिका रॉकेट सोडायची, रोडरोलर पेटती पिंपं फेकायचा, जीपच्या टपावर बंदूक. पडदा मधोमध उभा चिरलेला असायचा. डाव्या अर्ध्यात अमरची गाडी, उजव्या अर्ध्यात प्रफुलची. ज्याची गाडी आधी जळेल त्यानं चहा करायचा असा नियम होता. चहा अर्थात रीताच करायची, पण नियम तो नियम.

प्रफुल माजरीकडच्या उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. घराएवढ्या उंच गाडीवर बसणारा माणूस खेळण्यातल्या टँकरमध्येही तसाच ऐटीत बसे. आणि तो लबाड होता. दोघांचा पडदा एकच, त्यामुळे दुसरा कुठे दबा धरून बसलाय ते त्याच्या अर्ध्यात डोकावलं की कळायचं. हे पाप आहे असं अमरचं मत. प्रफुल म्हणायचा, "डोळे देल्ले कायले मंग? पाह्यलेच ना!" एकदा तर वैतागून अमरनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीच्या मधोमध उभा धरला होता.

पावसाळ्यात प्रफुल डंपरच्या ओल्या शिडीवरून घसरून पडला. डोक्याला टाके पडले, काही दिवस घरी होता, मग "मले काई नाई झालं" म्हणत पुन्हा कामावर गेला. त्यानंतर मात्र एक नवल झालं. त्यानं अमरच्या अर्ध्यात डोकावणं सोडलं. आणि तो हरू लागला. एकदा नाही, दरवेळी.

"ताई, भाऊजी सुधरले बॉ!" अमर खुशीत येऊन म्हणायचा. "इमानदारीनं खेळून राह्यले आता."

रीता तांदूळ निवडता निवडता हसायची. नवरा सुधरला म्हटल्यावर कोणती बायको नाही हसणार?

त्याच दिवसांत प्रफुलनं साहेबांच्या मागे लागून अमरला खाणीत ठेकेदाराकडे चिकटवलं, तेही आपल्याच डंपरवर. काम झेंड्याचं. मातीच्या ढिगाऱ्यावर डंपर मागे घेताना कडेला उभं राहून चालकाला झेंडा दाखवायचा. डंपरची केबिन डाव्या अंगाला असते. उजवीकडचं कुठल्याच चालकाला धड दिसत नाही, म्हणून झेंडेवाला नेहमी डावीकडे उभा राहतो. डावीकडे उभं राहिलं की जिवाला घोर नाही, हे खाणीतलं शेंबडं पोरही सांगेल. रीताला बरं वाटलं होतं. भाऊ घरच्या माणसाच्या नजरेखाली आहे, यापरतं काय हवं?

एके दिवशी खेळता खेळता अमरनं सहज सांगितलं, "ताई, परवा भाऊजीनं मले घाबरवलं ना! डंपर मागं घेता घेता असा अंगावर आणला, का झेंड्याची काडीच मोडली. मी उडी मारली म्हणून. वरून खाली पाह्यत बी नाई, भलते मस्करे!"

तो पोट धरून हसत होता. प्रफुलही हसला, पण त्याचं हसू उशिरा आलं. रीतानं ते पाहिलं. सुपातला तिचा हात थांबला.

मग तिला जेवणाचं ताट आठवलं. जवसाच्या चटणीशिवाय प्रफुलचा घास उतरत नसे. आणि आता कित्येक दिवस डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच उरायची. एकदा तर चटणी ताटात असताना त्यानं विचारलं होतं, "आज चटणी नाई केली काऊन?" ती म्हणाली होती, थट्टा पुरे करा. आता सगळं एकेक करून तिच्यापुढे येऊन उभं राहिलं.

अमर जिंकला, चहा प्यायला, सायकल काढून पुढे निघून गेला. झेंडेवाल्यांना आधी हजर व्हावं लागे. रीतानं सूप बाजूला ठेवलं आणि अमरच्या जागेवर येऊन बसली.

"मले बी शिकवा."

"तू?" प्रफुलला मजा वाटली. "ये, तुले एका मिनटात जाळतो."

तिनं जीप घेतली. बटणं तिला रोज पाहून पाहून माहीत झाली होती. तिनं एकही गोळी झाडली नाही. जीप हळूहळू नेली आणि प्रफुलच्या टँकरच्या डाव्या कुशीला लावून उभी केली. त्याच्या अर्ध्या पडद्यात, त्याच्या टँकरच्या अगदी शेजारी, लालभडक जीप. आंधळ्यालाही दिसावी इतकी लाल.

"लपून बसली का वो?" प्रफुल टँकर पुढे-मागे करत म्हणाला. "निघ ना बाहेर!"

रीतानं बटणांवरचे अंगठे उचलले. ती हललीच नाही. देवा, दिसू दे, एकदा त्यांना म्हणू दे की ही बघ सापडली. त्यानं टँकर मागे घेतला, डावीकडे वळवला, आणि जीप चाकाखाली गेली. तिच्या अर्ध्यात पडदा लाल झाला. तिची गाडी जळत होती.

प्रफुल दचकला. "कुठी होती तू?"

"इथीच होती. तुमच्या बाजूले. हलली बी नाई."

त्यानं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग चिडला. "गेम हाय तो! गेमात काय हाय?" खाणीचा भोंगा वाजला, तसा तो उठून आतल्या खोलीत बूट घालायला गेला. तेवढंच निमित्त पुरलं त्याला.

गेमात काय आहे! रीता उठली. बाहेरच्या दाराशी, आतून येणाऱ्याच्या डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आपण करतोय ते बरं की वाईट, तिला कळत नव्हतं.

प्रफुल बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट. स्टुलावरचा डबा उचलला. तिच्यापासून हातभरावर उभा राहून त्यानं स्वयंपाकघराकडे हाक मारली, "रीता, येतो वो!"

तिला त्याच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता. ती बोलली नाही.

"रीता? अवं कुठी गेली?"

दुसऱ्या हाकेत त्याचा आवाज बदलला. त्याला कळलं होतं. तो तसाच उभा राहिला आणि मान वळवायलाच भीत होता, हे तिला दिसलं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. तो ओरडला. डबा हातातून सुटला, वरण फरशीवर पसरलं.

"कवापासून?" तिनं विचारलं.

प्रफुल स्टुलावर बसला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही. "पडलो तवापासून. डावीकडचं अर्धं जगच नाई दिसत मले. वाटलं होईन बरं. सांगितलं तर गाडीवरून खाली उतरवतीन. डंपर सोडून मले काय येते वो?"

"आन् अमरले काऊन उभं केलं तिथी?"

"म्हणूनच त उभं केलं!" त्याचा आवाज फुटला. "घरचा माणूस हाय. परका झेंडा दाखवून मोकळा होते. अमर बोंबलून सांगीन, भाऊजी थांबा म्हणून. तो माझा डोळा होईन असं वाटलं. पर इंजनाच्या आवाजात काईच आयकू येत नाई."

रीतानं सांडलेल्या वरणातून डबा उचलला. ज्याला आपला डोळा मानलं त्यालाच न दिसणाऱ्या बाजूला, चाकाशेजारी नेऊन उभं केलं, आणि तेही घरचा म्हणून!

"त्या झेंड्याचं..." ती एवढंच म्हणाली.

"इथीच समजलं मले, तो सांगून हासत होता तवा." प्रफुलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मले माहीतच नोतं, रीता. काई माहीतच नोतं."

थोड्या वेळानं तो उठला. "आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगतो साहेबाले."

"चला," रीता चप्पल घालत म्हणाली. "आत्ताच." दाराला कडी घातली आणि ती त्याच्या डाव्या बाजूनं चालू लागली. कोळशाच्या धुळीतून सायकली, ट्रक मागून येत होते. प्रत्येक हॉर्नला प्रफुलचा दंड तिच्या हाताखाली ताठ व्हायचा. इतके दिवस हा माणूस असाच जगत होता आणि घरात गेम खेळत होता.

खाणीच्या फाटकाशी साहेबांशी बोलायला फार वेळ लागला नाही. डंपर दुसऱ्या चालकाला दिला. प्रफुलला दवाखान्याची चिठ्ठी लिहून देत होते, तेवढ्यात पाणी प्यायला आलेला अमर धावत आला. नव्या झेंड्याची काडी खांद्यावर.

"जयभीम भाऊजी! गाडी काऊन नाई घेतली आज? ताई, तू इथी कशी?"

तो बोलत बोलत सवयीनं प्रफुलच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. प्रफुल पायांसकट सगळा त्याच्याकडे वळला. आधी झेंडा पाहिला, मग हात, मग खालपर्यंत पाय, दोन्ही.

"असं काय पाहून राह्यले भाऊजी?" अमर हसला. "मले काई लागलं का?"

"काई नाई," प्रफुल म्हणाला. "तू उभा राय थोडा. पाहू दे मले."