सोमवारची झोप

“हा गॅसवरचा आहे. ह्याची नळी बारा महिने भिंतीबाहेरच गेली पाहिजे,” कपडे वाळवायचा नवा ड्रायर बसवून झाल्यावर तो माणूस शेजारच्या आर्डिसच्या तळघराच्या पायरीवर हात पुसत म्हणाला. “आजींना कमी ऐकू येतं. तुम्ही सांगाल ना?”

ब्रिटा कडेवरच्या नील्सच्या पायातून निसटलेला मोजा परत चढवत होती. “सांगते,” ती म्हणाली, आणि सांगितलं नाही. पन्नास वर्षं दर सोमवारी धुणं काढणाऱ्या बाईला आपण काय शिकवायचं, असं तिला वाटलं. ही सप्टेंबरातली गोष्ट.

आता जानेवारी होता. ब्रिटा स्वयंपाकघराच्या काचेवरचा बर्फाचा पापुद्रा नखाने खरवडून शेजारच्या घराकडे पाहत होती. टेबलावर कॉलेजातल्या मुलांचे पेपर तपासायचे पडले होते. सोमवारी दुपारी त्यासाठीच ती नऊ महिन्यांच्या नील्सला आर्डिसकडे ठेवत असे.

उणे सव्वीसच्या थंडीत गल्लीतल्या प्रत्येक घराच्या कुशीतून ड्रायरच्या वाफेचा पांढरा शेपटा निघतो. कुणाचं धुणं कुठवर आलं ते बाहेरूनच कळतं. आर्डिसच्या भिंतीतून काहीच निघत नव्हतं. पण मघाशी नील्सला सोडायला गेली तेव्हा तर आर्डिस ओल्या चादरींची टोपली घेऊन तळघरात उतरत होती. आणि तिच्या खिडक्या आतून पाणी ओतल्यासारख्या ओघळत होत्या. मग वाफ जाते कुठे?

प्रश्न गमतीचा होता. ब्रिटाने पेन खाली ठेवलं आणि तो नीट सोडवायला घेतला. आर्डिसचं डोकं सोमवारी दुखतं, संध्याकाळी चर्चला जायला बाहेर पडलं की हलकं होतं. आणि नील्स. घरी जेमतेम अर्धा तास डोळा मिटणारा तिचा मुलगा सोमवारी आर्डिसकडे तीन-तीन तास झोपतो. चर्चमधल्या रविवारच्या कॉफीला आर्डिसने हे सगळ्यांना ऐकवलं होतं. “हात लागतो त्याला. आणि अंगाईला गळा.”

ब्रिटाने बूट घातले. कोट अंगणात पोचल्यावर आठवला, पण ती परत फिरली नाही.

“हळू लाव दार, झोपलाय,” आर्डिस कुजबुजली. “दीड तास झाला. तुझ्याकडेच का झोपत नाही, कोण जाणे.”

“आर्डिस, तुमच्या ड्रायरची वाफ कुठे जाते?”

“कुठे म्हणजे? इथेच.” ती हसली. “एवढी ऊब काय सशांसाठी बाहेर सोडू?”

ब्रिटा तळघराच्या जिन्यावरून वाकली. नळी भिंतीपासून काढलेली होती. तिच्या तोंडाला बायकांचा जुना पातळ लांब मोजा बांधला होता, आणि तो फुगून हलत होता. भिंतीतल्या भोकात चिंध्यांचा बोळा होता.

“आमच्या ह्यांची, आर्वोची युक्ती,” आर्डिस मागून म्हणाली. “कपड्यांचा कापूस मोज्यात, ऊब घरात. थंडी पडली की अख्खी गल्ली असंच करायची.”

“तुमचा जुना विजेवरचा होता. हा गॅसवरचा आहे.”

“ड्रायर तो ड्रायर. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.”

आतल्या खोलीत जाऊन ब्रिटाने नील्सला उचललं. तो ओल्या टॉवेलसारखा खांद्यावर पडला. गाल हलवला, तरी डोळे उघडेनात.

“कोट घाला. माझ्याकडे चला. आत्ता.”

“कॉफी ठेवलीय मी.”

“गॅस बंद करा. माझ्याकडे पिऊ.”

आर्डिस पुटपुटत निघाली. अंगणात वारा तोंडावर बसला तसा नील्सने डोळे उघडले, ब्रिटाकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि भोकाड पसरलं. ब्रिटाने त्याला गप्प केलं नाही. घरात शिरताच तिने फोन लावला.

अग्निशमन दलाचा माणूस हातात मीटर घेऊन आत गेला आणि लगेच बाहेर आला. मग तोंडाला मुखवटा लावून पुन्हा गेला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. गॅस जळताना निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही. त्या वायूची सूचना देणारी पेटी कपाटात, पुसण्याच्या फडक्यात गुंडाळलेली सापडली. “नोव्हेंबरपासून सारखी कोकलत होती,” आर्डिस म्हणाली. इस्पितळात आर्डिस आणि नील्स दोघांनाही संध्याकाळपर्यंत प्राणवायू लावला. निभावलं.

बुधवारी नवी नळी आली. धातूची, आखूड, सरळ भिंतीबाहेर जाणारी. बाहेरच्या तोंडाला आपोआप उघडणारी झडप. जाळी नाही, जाळीत कापूस तुंबतो. ब्रिटाने बॅटरी धरली होती. कारागीर गेल्यावर ती म्हणाली,

“त्या माणसाने मला सांगितलं होतं. सप्टेंबरात. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तरी काय.” आर्डिस पालथ्या बादलीवर बसली होती. “मला कमी ऐकू येतं.”

मग तिने मान वर करून नव्या नळीकडे पाहिलं.

“म्हणजे माझ्या गाण्याने झोपत नव्हता तो.”

ब्रिटाने बॅटरी विझवली.

पुढच्या सोमवारी तिने नील्सला पुन्हा तिकडेच नेलं. दारात आर्डिसने हात पुढे केले नाहीत. ब्रिटानेच त्याला तिच्या कडेवर दिलं. दुपारभर पेपर तसेच पडून राहिले. दुहेरी काचांतूनही त्याचं रडणं ऐकू येत होतं, आणि आर्डिस त्याला घेऊन खिडकीसमोरून येत होती, जात होती, येत होती.

चार वाजता तिने त्याला परत दिलं. अंबाडा सुटला होता, गाल तापले होते.

“एक मिनिट डोळा लावला नाही. डांबरट आहे तुझा पोरगा.”

“आणि डोकं?”

“डोकं दुखायला वेळ कुठे दिला त्याने.”

त्या संध्याकाळी ब्रिटाने चर्चच्या साप्ताहिक पत्रकासाठी पानभर मजकूर लिहिला. मग नळ्या, झडपा, मीटर सगळं खोडत गेली. शेवटी उरलं ते असं: ‘तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज त्यांच्याकडे जाऊन या. आधी तळघर बघा. कॉफी मग.’