जोडीला दिलेली मोकळीक

लिफ्टकाकांनी जन्मभर एकच गोष्ट जपली होती. आपल्यामुळे कुणाला त्रास होता कामा नये. अडतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण कुणाच्या दारावर दुसऱ्यांदा टकटक केली नाही. बायको गेल्यावर मुलगा-सुनेकडे राहिले, तेही पाहुण्यासारखे. आणि सहा महिन्यांपूर्वी, नवराबायकोच्या मधे आपली अडचण नको म्हणून, दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली आणि सामान हलवलं. जा असं कुणी म्हटलं नव्हतं. राहा म्हणायला कुणाला वेळच दिला नाही. इतका भला माणूस! आता भल्या माणसांनी किती घोळ घालून ठेवलेत ते विचारू नका.

एकट्याला खोली खायला उठायची, म्हणून मासे आणले. सहा पट्टेरी सिक्लिड, बोटाएवढे, राखाडी अंगावर काळे पट्टे. दोन महिन्यांत त्यातल्या दोघांचं जुळलं. मोठा नर आणि पोटाशी केशरी झाक असलेली मादी. त्यांनी टाकीतल्या उपड्या कुंडीचा ताबा घेतला आणि उरलेल्या चौघांची अशी काही दाणादाण उडवली की ते बापडे दिवसभर एका कोपऱ्यात अंग चोरून उभे.

काकांचा जीव कळवळला. कोपऱ्यातल्या चौघांसाठी आणि त्याहून जास्त त्या जोडप्यासाठी. नवा संसार, आणि भोवती ही गर्दी! त्यांनी चौघांना पिशवीत भरलं आणि दुकानात परत देऊन आले. मासेवाला तेव्हा जेवायला गेला होता, गल्ल्यावर त्याची बहीण होती. तिने पिशवी घेतली, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काय, नर मादीच्या मागे हात धुऊन लागलेला! तिची शेपटी फाटलेली, एका बाजूचे खवले उडालेले, आणि ती पाणी गरम ठेवणाऱ्या नळीमागे उभीच्या उभी लपलेली. दाणे टाकले तर बाहेर येईना. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. चपला उलट्यासुलट्या घालून ते दुकानात पोचले.

मासेवाल्याने कपाळावर हात मारला. "काका, अहो काय करून बसलात! समोर वैरी होते तोवर ती दोघं एक होती. वैरी तुम्ही काढून घेतलेत. आता त्याने अंगातली रग जिरवायची कुणावर? घरात आहे कोण? बायको!"

"मी त्यांना मोकळीक दिली हो."

"मागितली होती त्यांनी?"

काका खाली वाकून चपला सरळ घालू लागले.

मग मासेवाल्याने तोड सांगितली. टाकीत मधे काच घालायची. पलीकडे एक दांडगा मासा सोडायचा, अलीकडे ही जोडी. दोघांना तो दिसला पाहिजे, पण चावता येता कामा नये. आधी दोन दिवस मादीला वेगळं ठेवायचं, जरा सावरू द्यायचं.

"त्या पलीकडच्याला त्रास नाही ना होत?" काकांनी विचारलं. विचारणारच!

"काच आहे ना मधे."

तसंच केलं. शनिवारी सकाळी मादीला परत सोडलं. नर तिच्याकडे वळला, तेवढ्यात त्याला काचेपलीकडचा धटिंगण दिसला. झालं! दोघं खांद्याला खांदा लावून काचेवर धडका मारायला लागली. अर्ध्या तासाने मादीने दाणा खाल्ला. काका एकटेच खो खो हसले.

आणि हसता हसता थांबले. आदल्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला होता. "ती उद्या दुपारी भावाकडे जातेय. किती दिवस, ते मी विचारलं नाही." चार महिने दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. मुलगा छापखान्यात डबल पाळ्या मागून घेत होता, सून रक्त तपासायच्या लॅबमधून मुद्दाम उशिरा निघत होती. काका तिथे राहत होते तेव्हा असं नव्हतं. तेव्हा दोघं स्वयंपाकघरात उभं राहून कुजबुजायची. रेडिओ किती मोठ्याने लावतात, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतात, वगैरे. काकांना ऐकू जायचं आणि लागायचंही. पण कुजबुजायची ती दोघं मिळून!

म्हणजे दांडगा मासा आपणच होतो की!

काका उठले. आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून जन्म घालवलेला हा माणूस आज मुद्दाम त्रास द्यायला निघाला. दोन गल्ल्या ओलांडून ते मुलाच्या घराचा जिना चढले. पोराचा संसार वाचायचा तर घ्यावेत चार शब्द ऐकून, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

सुनेने दार उघडलं. मुलगा कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून. काका थेट स्वयंपाकघरात शिरले.

"हे डबे कुणी लावलेत असे? साखर खाली, डाळी वर! काही पद्धत?" आणि स्टुलावर चढून त्यांनी फळीवरचे सगळे डबे हलवायला घेतले. सून बघतच राहिली. चहा दिला तर म्हणाले, "हा चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी?"

"बाबा?" मुलगा दारात आला. सुनेने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. चार महिन्यांत पहिल्यांदा! काकांना आतून उकळ्या फुटल्या. लागू पडतंय!

तिथेच थांबायचं ना! पण नाही. खोलीत पलंगावर सुनेची बॅग भरून ठेवलेली. "अशी भरतात बॅग?" म्हणत त्यांनी ती उघडली आणि कपडे बाहेर काढून घड्या घालायला लागले.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, हात लावू नका माझ्या कपड्यांना!"

"तुम्हाला झालंय तरी काय?" मुलगा ओरडला. "तुमच्या असल्याच वागण्याला आई कंटाळली होती! शेवटी शेवटी तुमच्याशी बोलायचीसुद्धा नाही!"

काका पलंगावर बसले. हातात सुनेचा अर्धवट घडी केलेला कुडता. चार शब्द ऐकायची तयारी करून आले होते, पण हे शब्द त्यांच्या हिशेबात नव्हते. इथे मधे काच नव्हती. डोळे भरून आले आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही.

सून त्यांच्याशेजारी येऊन बसली. "पाणी आण," ती नवऱ्याला म्हणाली. तो घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी मुद्दाम केलं," काका म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं. चौघांना परत दिलं ते, फाटलेली शेपटी, काच, काचेपलीकडचा मासा. "म्हटलं, माझ्यावर चिडायला लागलात की एकमेकांशी पटेल. नसता शहाणपणा केला."

सुनेला हसू आलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. "बाबा, आमचं भांडण कशावरून लागलं, ठाऊक आहे? तुमच्यावरून! हा म्हणतो, तुझ्या कुरबुरीमुळे बाबा गेले. मी म्हणते, तूच टॉवेलवरून बोललास त्यांना. चार महिने तेच दळण चाललंय. तुम्ही का गेलात, ते आम्हाला अजून माहीत नाही."

"तुम्हाला मोकळीक मिळावी म्हणून गेलो."

"मग तसं सांगायचंत!" मुलाचा आवाज फुटला. "विचारायचंत आधी! मला वाटलं, माझ्याकडे राहायला तुम्हाला नको झालं." तो खाली जमिनीवरच बसला. "आणि आई कंटाळली नव्हती, बाबा. तिला दम लागायचा, म्हणून बोलायची नाही. मी रागाच्या भरात काहीतरी बरळलो."

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुनेने मोबाइल घेतला आणि भावाला कळवलं की आज जमत नाही, पुढचं पुढे बघू.

काकांनी दोनदा घसा साफ केला. सगळ्यांच्या वतीने सगळं आपणच ठरवून मोकळा होणारा हा माणूस पहिल्यांदा काहीतरी विचारत होता.

"मी... परत येऊ का राहायला?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि उठून कंबर कसली. "आधी माझे डबे होते तसे लावा. मग बोलू."

काका स्टुलावर चढले. मुलाने स्टूल धरलं, सून खालून एकेक डबा देऊ लागली. काकांनी साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"तो खाली!" दोघं एकदमच ओरडली.